परतीचा माल

शंकेखोर : ताई, मैदानावरच्या हस्तकला मेळ्यांबद्दल तुम्ही इतक्या भरभरून बोलता, तर आधी एका घोंगडीचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल धरू. कमीजास्त वाटले तर बदला, हिशेबाची रीत तीच राहील. समजा, घोंगडी अडीच हजारांची. लोकर, कताईची मजुरी, चिंचोक्याची खळ, सगळं वजा जाता विणणाऱ्याच्या हातात बाराशे उरतात. आता डिसेंबरात शहरातल्या मैदानावर पाच दिवसांचा स्टॉल घ्यायचा. भाडं पंधरा हजार. टेम्पो जाऊन-येऊन सहा हजार. दोन माणसांचं राहणं-जेवण पाच हजार. झाले सव्वीस हजार. म्हणजे एकवीस घोंगड्या विकून झाल्या तरी तो तोट्यातच असतो. बाविसावी विकली की चारशे रुपये सुटतात. शिवाय या पाच दिवसांत, आणि आधी माल बांधण्यात, नंतर सोडण्यात जे दिवस जातात त्यांत, घरचा माग बंद असतो. तो खर्च मी धरलेलाच नाही, कारण तो माणूसही कधी धरत नाही. मेळा संपल्यावर गल्ल्यातले पैसे मोजतो आणि म्हणतो, पंचावन्न हजारांचा धंदा झाला. धंदा झाला हे खरं, पण कमाई किती झाली ते त्याला कोणी विचारत नाही.

पाठीराखी : हिशेब बरोबर आहे, दादा, पण अर्धा आहे. मेळ्याला जाणारा माणूस एरवी काय करतो, ते त्यात आलं नाही. एरवी तो व्यापाऱ्याला देतो. तुमच्याच रीतीनं धरते. व्यापारी तीच घोंगडी सतराशेला उचलतो, विणकराला चारशे सुटतात, आणि तेही हातात पडायला दोन-तीन महिने लागतात. मधल्या काळात लोकर घ्यायला पैसे नसतात, म्हणून त्याच व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते. उचल घेतली की पुढच्या मालाचा भाव कोण ठरवणार, हे वेगळं सांगायला नको. मेळ्यात चाळीस घोंगड्या गेल्या, तर खर्च जाऊन बावीस हजार उरतात. व्यापाऱ्याकडे चाळिसांचे सोळा हजार. शिवाय मेळ्यातले पैसे त्याच संध्याकाळी खात्यात जमा होतात. मोबाइलवर पैसे घ्यायची सोय झाल्यापासून सुट्ट्यांचाही प्रश्न राहिला नाही.

शंकेखोर : तुम्ही चाळीस धरल्या. तीसच विकल्या तर? मेळ्यात दहा हजार उरतील आणि व्यापाऱ्याकडे बारा. तुमचाच आकडा धरून बघा, तेहतिसावी घोंगडी विकली गेली तरच मेळा व्यापाऱ्यापेक्षा सरस ठरतो. बावीस ते बत्तीस या टप्प्यात कारागिराला वाटत असतं की आपण कमावतो आहोत, आणि प्रत्यक्षात घरी बसून त्याला जास्त मिळाले असते. माझा आक्षेप नेमका या टप्प्याबद्दल आहे. पूर्ण बुडालेला माणूस पुढच्या वर्षी येत नाही, त्याला धडा मिळालेला असतो. पण या मधल्या टप्प्यातला माणूस दर वर्षी येतो, हसतमुखानं येतो, आणि आयोजक त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतात की बघा, मेळा चालतो.

पाठीराखी : तो हसतमुखानं येतो याला आणखीही कारण असू शकेल. व्यापारी दर खेपेला तेवढा सगळा माल उचलतो, हे आपण दोघांनी गृहीत धरलं. व्यापारी दहा उचलतो आणि म्हणतो, बाकीच्यांचं दिवाळीनंतर बघू. घोंगडीचं गिऱ्हाईक आटलं आहे, दादा. मेंढपाळ अजून घेतात, देवाला वाहायला लागते, म्हाताऱ्या माणसांना पाठीखाली घ्यायला हवी असते. पण घरोघरी घोंगडी होती तो काळ गेला, कारखान्यातल्या ब्लँकेटनं तिची जागा घेतली. अशा वेळी विणकराची खरी अडचण आहे ती नव्या गिऱ्हाइकाला घोंगडी कळावी कशी, ही. भाव तर त्यानंतरचा प्रश्न.

आणि हे कळणं कसं होतं, ते मी स्टॉलवर उभी राहून पाहिलं आहे. एक बाई घोंगडी उचलतात, गालाला लावतात आणि लगेच खाली ठेवतात. म्हणतात, टोचते. दुकानात एवढ्यावर विषय संपतो. स्टॉलवर विणकर स्वतः बसलेला असतो. तो सांगतो, दख्खनी मेंढीची लोकर आहे, राठच असते, पण त्यामुळेच पावसाचं पाणी झटकन आत शिरत नाही. हे वरून खडबडीत लागतं ते खळीमुळे. विणून झाल्यावर चिंचोका शिजवून त्याची खळ कुंच्यानं चढवतात, म्हणून नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते. वापरात आली की मऊ पडते. अंगाला टोचत असेल तर मध्ये सुती चादर घ्या. रंग दिलेला नाही, काळ्या मेंढीची काळी, पांढरीची पांढरी. मग त्या बाई पुन्हा हात लावतात, आणि या वेळी त्यांचा हात वेगळ्या रीतीनं फिरतो, दोन बोटांत कापड चिमटून बघतात. त्यांनी ती घेतली नाही तरी पुढच्या वेळी 'टोचते' म्हणून खाली ठेवणार नाहीत. हे काम कुठला व्यापारी करेल?

शंकेखोर : प्रसंग खरा आहे, आणि माझ्या मनात खुपतं ते त्यातच आहे. आपल्याकडे मैदानावरचा बाजार नवा नाही. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत धनगर घोंगडी घेतो तेव्हा त्याला मेंढी कुठली, खळ कशाची, हे कोणी सांगत नाही. मेंढ्या त्याच्याच असतात. तो घोंगडी उजेडात धरतो, वीण बघतो, काठ ओढून बघतो. विणणाऱ्याला धाक असतो की समोरचा आपल्याइतकाच जाणता आहे. एक धागा ढिला सुटला तर तो बोट ठेवील. त्या धाकानं काम चोख राहत होतं. मेळ्यातलं गिऱ्हाईक चांगलं असतं, कळवळ्याचं असतं, पण त्याला वीण वाचता येत नाही. ते माणसाचं बोलणं ऐकून घेतं. म्हणून मेळ्यात टिकतो तो बोलणारा. उत्तम विणणारा अबोल म्हातारा घरी राहतो आणि त्याचा पुतण्या, ज्याला बरं हिंदी येतं, तो स्टॉलवर उभा राहतो. सूत कातणाऱ्या बायका तर त्या मैदानावर कधी दिसतच नाहीत. तुम्ही म्हणता कारागीर आणि गिऱ्हाईक समोरासमोर येतात. येतो तो कारागिरांपैकी एक, आणि बहुतेक वेळा ज्याचे हात कमी चालतात तो.

पाठीराखी : सूत कातणाऱ्या बायकांबद्दल तुम्ही बोललात ते मला लागलं, कारण त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. पण बायका मैदानावर दिसत नाहीत, हे सरसकट खरं नाही. मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं, पुण्यात 2006 पासून भीमथडी जत्रा भरते. तिथे बचत गटांच्या बायकाच गल्ल्यावर बसतात. भाव त्या सांगतात, पैसे त्या मोजतात. सरकारी योजनेतून होणाऱ्या प्रदर्शनांत भाड्याचा भारही बहुतांशी योजनाच उचलते, म्हणजे तुमच्या हिशेबातले पंधरा हजार तिथे निघून जातात. आणि जाणत्या गिऱ्हाइकाचं म्हणाल, तर ते आभाळातून पडत नाही. धनगराला घोंगडी कळते, कारण तो तिच्यात वाढला. शहरातल्या माणसाला कळायची असेल तर कुठेतरी पहिल्यांदा हातात घ्यावीच लागेल.

तांबट आळीचं बघा. पुण्याच्या कसबा पेठेतले तांबट पिढ्यानपिढ्या बंब, घंगाळी, हंडे घडवत आले. घराघरांत स्टील आलं, न्हाणीघरात गीझर आला, आणि त्या कामाचं गिऱ्हाईक गेलं. पण मठारकाम राहिलं. हातोडीनं ठोकून भांड्याच्या अंगावर उमटवलेले ते छोटे छोटे खळगे आज लोक हौसेनं घेतात, तांब्यांवर, दिव्यांवर, फुलदाण्यांवर. उघड्यावरच्या प्रदर्शनांत तांबट समोर ठोकत बसला की माणसं त्या आवाजानं खेचली जातात. तिथे नुसतं शोकेस मांडून हे झालं नसतं.

शंकेखोर : मठारकामाचं उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून विचारतो. ते खळगे कशासाठी असतात, हे त्या गर्दीतल्या कितीजणांना कळून जातं? तांबं तापवून मऊ केलेलं असतं. भांडं घडून झालं की मऊ पत्र्याला वापरात पोचे पडतील, म्हणून त्याला सगळीकडून ठोकून कणखर करायचं असतं. हातोडीच्या प्रत्येक ठोक्यानं धातू त्या जागी आवळतो. ओळीनं, एकसारखं, जागा न सोडता ठोकलं तरच भांडं टिकतं. दिसायला सुरेख दिसतं ते त्या शिस्तीमुळे. आता गिऱ्हाइकानं ती नक्षी म्हणून घेतली, की कारखानदारानं साच्यातून तेच खळगे दाबून काढले तरी त्याला फरक वाटत नाही. तसे तांबे बाजारात ढिगानं आहेत, निम्म्या भावात. मेळ्यानं तांबटाला नवं गिऱ्हाईक दिलं, हे मी मान्य करतो. पण ते त्याच्या हातोडीवर जीव असलेलं गिऱ्हाईक नाही. खळगे आवडले म्हणून आलेलं आहे, आणि खळगे दुसरीकडे स्वस्त मिळाले की जाणारं आहे.

पाठीराखी : म्हणजे तांबटानं ठोकता ठोकता हे सांगायला हवं. तुम्ही आत्ता जे सांगितलंत, तेच. मला तर वाटतं, मेळ्यातल्या प्रत्येक स्टॉलवर किमतीच्या पाटीशेजारी दुसरी पाटी हवी, हे असं का केलं आहे ते सांगणारी. 'हाताने बनवलेले' एवढं लिहून भागत नाही. हातानं वाईटही बनवता येतं.

शंकेखोर : हे तुम्ही फार नेमकं बोललात. आणि त्यातूनच माझा दुसरा मुद्दा निघतो, जो बोलायला मला अवघड जातं, कारण तो कष्टाळू माणसांच्या विरोधात वाटतो. शहरातल्या मेळ्यांत आता निम्मे स्टॉल कोणाचे असतात? क्रोशाची फुलं, रेझिनची कानातली, सुगंधी मेणबत्त्या, रंगवलेल्या बाटल्या. करणाऱ्या बहुतेक घरी बसून करणाऱ्या बायका. काम सुबक असतं. पण घरातलं भाडं, दूध, मुलांची फी दुसऱ्याच्या पगारातून जात असते, म्हणून त्या आपल्या वेळेचा पैसा लावत नाहीत. सहा तास क्रोशा करून केलेली पिशवी साडेतीनशेला देतात आणि दोनशेचा दोरा सोडला तर दीडशे उरले म्हणून समाधानी असतात. शेजारी बुरूड बसलेला असतो. त्याचं घर टोपलीवर चालतं. त्याला सहा तासांचे दीडशे परवडत नाहीत. पण मैदानावरचा भाव ठरतो तो ज्याला परवडतं त्याच्या हातानं. गिऱ्हाईक दोन्ही हातांनी दोन वस्तू तोलतं आणि बुरडाला म्हणतं, तुमचं महाग आहे.

पाठीराखी : दादा, इथे मी तुम्हाला अडवणार. त्या दीडशे रुपयांकडे तुम्ही बुरडाच्या बाजूनं बघता, मी त्या बाईच्या बाजूनं बघते. पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या हातात स्वतःच्या कामाचे म्हणून पहिल्यांदा आलेले पैसे असतात ते. आधी ती तीच पिशवी नणंदेला, भाचीला फुकट देत होती, आणि सगळे 'वेळ जातो ना तुझा' म्हणत होते. स्टॉल लावला त्या दिवशी एका अनोळखी माणसानं ती पिशवी पैसे मोजून घेतली. याला हौस म्हणून बाजूला सारणं मला जमणार नाही. आणि वेळेची किंमत न लावणं हा तिचा दोष म्हणायचा? तिच्या वेळेची किंमत घरानं कधी लावली? ती कशी शिकणार? मी माझ्या ओळखीच्या बायकांना एकच सांगते, वहीत तास लिहा. भाव नंतर ठरवा, आधी तास लिहा. ज्यांनी लिहिले त्यांनी दुसऱ्या वर्षी भाव वाढवले, आणि काहींनी ती वस्तू करणंच सोडलं, कारण ती परवडत नाही हे कळलं. हे दोन्ही मला चांगलंच वाटतं.

शंकेखोर : वहीत तास लिहायचं तुमचं सांगणं मला सगळ्यात पटलं. पण वही लिहिणारी बाई आणि न लिहिणारी बाई यांचे स्टॉल शेजारी शेजारीच असतात. एकीनं भाव वाढवला की दुसरीची पिशवी स्वस्त दिसते.

(इथे या दोघांचं बोलणं थांबवून माझं मत नोंदवतो. या वादात मी दोघांपैकी कोणाचा, हे मला ठरवता आलेलं नाही. मात्र बुरूड आणि क्रोशावाली यांना एकाच रांगेत, एकाच भाड्यात, 'हस्तकला' या एकाच पाटीखाली बसवणं मला अन्यायाचं वाटतं, आणि तो अन्याय दोघांवरही आहे. एकाच्या डोक्यावर घर आहे, दुसरीच्या मनात नुकती आलेली उमेद. आयोजक मात्र दोघांकडून घेतो ती फूटभराच्या जागेची किंमत.)

पाठीराखी : तुम्ही गिऱ्हाइकाबद्दल बोललात, भावाबद्दल बोललात. पण बाजार बाहेरून आला नसता तर काही कला बाहेर आल्याच नसत्या, हेही बोला की. वारली चित्रं घ्या. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं लग्नचौक काढायच्या. लग्न झालं, भिंत पुन्हा सारवली, चित्र गेलं. 1970 नंतरच्या वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर कागद घेऊन गेले, आणि तिथले जिव्या सोमा म्हसे रोज चित्रं काढू लागले. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. आज पाड्यावरचा एखादा तरुण मेळ्यात बसून चित्रं विकतो आणि त्यावर त्याचं घर चालतं. ही वाट बाजारानंच पाडली ना?

शंकेखोर : पाडली. आणि त्या वाटेवरून कोण चालू लागलं, तेही बघा. भिंतीवर काढणाऱ्या सवाशिणी होत्या, कागदावर नावं झाली ती बहुतेक पुरुषांची. लग्नचौकात पालघाट देवी मध्ये असायची, ती बसल्याशिवाय लग्न लागायचं नाही. मेळ्यातल्या कपावर, पिशवीवर, उशीच्या अभ्र्यावर येतात ती फेर धरून नाचणारी माणसं, कारण ती चटकन ओळखू येतात. मी जिव्या म्हसेंच्या कामाला उणं म्हणत नाही. ते मोठे कलावंत होते, त्यांनी कागदावर जे केलं ते भिंतीवर कधीच झालं नव्हतं. पण मेळ्याला त्यांच्यासारखा माणूस पुरत नाही. मेळ्याला रोज दोनशे कप लागतात. ते रंगवायला वारलीच हवा असंही नाही, छापूनही भागतं. भौगोलिक मानांकन मिळालं, तरी मानांकन राखतं ते नाव. काठ्यांसारख्या हातापायांची माणसं कोण काढतो, हे मैदानावर कोण तपासणार?

कोल्हापुरी चपलेचंही तेच. 2019 साली मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीच्याच घाटाच्या चपला एका बड्या कंपनीनं मांडल्या, तेव्हा आपल्याकडे केवढा गहजब झाला. व्हायलाच हवा होता. पण त्याच आठवड्यात आपल्याकडच्या किती मेळ्यांत रेक्झिनच्या, खिळे ठोकलेल्या चपला 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून विकल्या जात असतील, त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, कातड्याच्याच वादीनं शिवलेला तळ, हे समोर घेऊन बसलेल्या माणसानं त्या शेजारच्या स्टॉलशी भावात टक्कर कशी द्यायची?

पाठीराखी : चपलेचा विषय निघाला ते बरं झालं, कारण मला काय म्हणायचं आहे ते चपलेवरून नीट सांगता येईल. पण त्याआधी तुमच्या मनातली मूळ तक्रार कोणती, ते तुम्ही एकदा नेमकं सांगा. कधी तुम्ही भावावर बोलता, कधी गिऱ्हाइकावर, कधी नकलेवर.

शंकेखोर : सांगतो. मेळा उठतो त्या रात्री उरलेला माल टेम्पोत चढतो, तो परतीचा माल माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सगळी जोखीम त्यात भरलेली असते. व्यापारी भाव पाडतो, उधारी थकवतो, सगळं खरं. पण त्यानं उचललेला माल विकला गेला नाही तर तो त्याच्या गोदामात पडून राहतो. मेळ्यात आयोजकाचं भाडं आधीच आलेलं असतं. मांडववाला, लाइटवाला, जाहिरातवाला, सगळ्यांचे पैसे ठरलेले. विकलं जाईल की नाही याची चिंता एकट्या कारागिराला. आणि ही जोखीम उघड्या आभाळाखालची आहे, हे विसरू नका. डिसेंबरात अवेळी पाऊस आला की मैदानाचा चिखल होतो आणि दोन दिवस माणूस फिरकत नाही. भाडं परत मिळत नाही. रात्री दव पडतं आणि कातडं ओल धरतं. दुपारच्या उन्हात रंगीत कापडाची वरची घडी विटते, ती नमुन्याची म्हणून अर्ध्या भावात द्यावी लागते. बांबूची टोपली कोरड्या हवेत तडकते. फाटकाजवळचा स्टॉल कोणाला आणि कोपऱ्यातला कोणाला, ते चिठ्ठीवर ठरतं, आणि चिठ्ठीनं अर्धी विक्री ठरते. हे सगळं सोसायची ताकद ज्याच्याकडे सगळ्यात कमी, त्याच्याच माथी ते येतं.

एके काळी सरकारला हे आपलं काम वाटायचं. 1952 साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ झालं, कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या अध्यक्ष होत्या. माल विकत घेऊन दुकानात ठेवायची जोखीम एम्पोरियमनं पत्करायची, ही तेव्हाची दिशा होती. ते मंडळ 2020 साली बंद झालं. एम्पोरियममध्येही गोंधळ होते, मला माहीत आहे. पण जोखीम कुणाची, या प्रश्नाचं उत्तर तेव्हा 'कारागिराची' असं नव्हतं.

पाठीराखी : आता आपण एका ठिकाणी आलो. जोखीम कारागिराच्या एकट्याच्या माथी असू नये, हे मला मान्य आहे. मग भाड्याची रीत बदलू. ठरावीक भाडं घ्यायचंच नाही. विक्रीचा हिस्सा घ्यायचा, शेकडा दहा, पंधरा, जो ठरेल तो. माल खपला तर आयोजकाला मिळेल, नाही खपला तर त्यालाही झळ बसेल. मग तो आपण होऊन जाहिरात नीट करील, कोपऱ्यातल्या स्टॉलकडे माणसं वळवील, पावसाची सोय बघील.

शंकेखोर : आणि पुढच्या वर्षी घोंगडीवाल्याला बोलावणार नाही. हिस्सा मिळणार असेल तर तो बघणार, कुठल्या स्टॉलवर हिस्सा जास्त येतो. कपावर येतो, कानातल्यांवर येतो, खाण्याच्या स्टॉलवर तर सगळ्यात जास्त. ठरावीक भाड्यात एक गोष्ट बरी होती, भाडं भरणारा कोण याच्याशी आयोजकाला देणंघेणं नव्हतं. तुम्ही त्याला जोखमीत ओढलंत की निवडही त्याच्या हातात दिलीत. सावकाश खपणाऱ्या वस्तूला त्या निवडीत जागा नाही.

पाठीराखी : मग काही स्टॉल राखीव ठेवा. खाण्याच्या स्टॉलकडून जास्त हिस्सा घेऊन घोंगडीच्या, टोपलीच्या, चपलेच्या स्टॉलचा खर्च भागवा. दिल्लीत 1994 मध्ये दिल्ली हाट झालं, तिथे कारागिरांचे स्टॉल पंधरा-पंधरा दिवसांनी बदलतात आणि राज्याराज्यांच्या खाण्याचे स्टॉल कायम गर्दी खेचतात. खाणं आणि कला यांची अशी सांगड घालता येते, एवढं तर त्यातून दिसतं.

शंकेखोर : येते, पण राखीव जागा कोणाला, हे ठरवणारं कोणीतरी लागतं, आणि तो कोण, यावर सगळं येऊन ठेपतं. खऱ्या कारागिराची पारख असलेला माणूस तिथे बसला तर ठीक. नाहीतर ओळखीपाळखीचे राखीव स्टॉलवर, आणि घोंगडीवाला फाटकाबाहेर.

पाठीराखी : बरं, राखीव जागांचा भरवसा नको धरूया. चपलेकडे वळते. पूर्वी कोल्हापुरी चप्पल करून घ्यायची म्हणजे पायाचं माप कागदावर काढून द्यायचं, थोडे पैसे आधी द्यायचे, आणि तयार झाली की घेऊन जायचं. तयार चपलांचा ढीग मागाहून आला. मेळ्यात हीच रीत पुन्हा आणली तर? स्टॉलवर विकायला मोजकाच माल ठेवायचा. बाकी नमुने. गिऱ्हाइकानं बघायचं, हात लावायचा, कातडं वाकवून बघायचं, पाय कागदावर ठेवून माप द्यायचं, अर्धे पैसे आगाऊ द्यायचे. महिन्या-दीड महिन्यानं चप्पल घरी. घोंगडीचंही तसंच, लांबी-रुंदी सांगा, काळी की पांढरी की पट्ट्याची, सांगा. परतीचा माल उरतच नाही, कारण माल अजून झालेलाच नसतो. मैदानावर दव पडलं तर नमुना भिजेल, सबंध वर्षाचं काम भिजणार नाही. नक्कल करणाऱ्यालाही इथे अडचण आहे, रेक्झिनच्या चपलेसाठी महिनाभर थांबायला कोणी तयार होणार नाही. आणि गिऱ्हाईक महिनाभर वाट बघतं तेव्हा त्याला कळतं की ही वस्तू व्हायला एवढा वेळ लागतो.

शंकेखोर : ही तुमची सगळ्यात जमलेली गोष्ट आहे, आणि म्हणूनच मी तिच्यावर सगळ्यात जास्त शंका घेणार. मेळ्याला माणसं संध्याकाळी, पोराबाळांना घेऊन, काहीतरी खाऊन, हातात पिशवी घेऊन परत जायला येतात. त्या पिशवीत काहीतरी असावं लागतं. माप देऊन, पैसे देऊन, रिकाम्या हातानं जाणं किती जणांना पटेल? आणि आगाऊ पैसे घेणारा माणूस पुन्हा त्याच मैदानावर असेल याची हमी काय? तो तर आपल्या गावी, कापशीला नाहीतर अथणीला परतलेला. वस्तू आली नाही तर बोट कोणाकडे दाखवायचं?

पाठीराखी : आयोजकाकडे. आगाऊ पैसे आयोजकानं ठेवावेत, वस्तू पोचली की कारागिराला द्यावेत. हे तुम्हाला हवं तसं झालं, त्यालाही जोखमीत ओढलं, आणि निवड त्याच्या हातात न देता.

शंकेखोर : आणि वस्तू पोचेपर्यंत कारागीर लोकर कशानं घेणार? पुन्हा उचल?

पाठीराखी : नाही. आगाऊचे दोन भाग करावेत. कच्च्या मालाचा भाग त्याच दिवशी कारागिराला, मजुरीचा भाग वस्तू पोचल्यावर.

शंकेखोर : मग तुमच्याच मनाला लागलेला प्रश्न विचारतो. घोंगडीत कच्चा माल म्हणजे नुसती लोकर नव्हे, सूत. म्हणजे कताई. आगाऊतला कच्च्या मालाचा भाग विणकराच्या पुतण्याच्या मोबाइलवर जमा होणार. गावात सूत कातून बसलेल्या बाईला तिचा वाटा त्याच दिवशी मिळेल?

पाठीराखी : मिळायला हवा, आणि तिच्या स्वतःच्या खात्यात मिळायला हवा. ऑर्डरच्या पावतीवर विणणाऱ्याच्या नावाखाली कातणारीचं नाव लिहायला मला काहीच अडचण दिसत नाही. पण मिळेल का, असं तुम्ही विचारलंत. जिथे जिथे मी उभी राहिले, तिथे कुठेच अजून मिळालेला पाहिला नाही. पुढच्या डिसेंबरासाठी स्टॉलचा फॉर्म भरायचा आहे, त्यात 'कारागिराचे नाव' अशी एकच ओळ असते. मी तिथे दोन नावं लिहून बघणार आहे.

शंकेखोर : लिहा. फॉर्म परत आला तर कोणत्या कारणानं आला, ते मला कळवा. आणि नाही आला, तर मेळ्यानंतर मी तुमच्याबरोबर त्या गावाला येईन, दुसऱ्या नावाच्या बाईला पैसे कधी मिळाले ते तिलाच विचारायला.